पाठीला सात पेरं

लॉरीज आर्म, न्यूफाउंडलंड
मंगळवार, १७ जून

प्रिय ग्लेंडा,

कागदावर 'प्रिय' लिहायचं असतं म्हणून लिहिलंय, त्यावर जाऊ नकोस. शपथ मोडणाऱ्या बाईला प्रिय म्हणायची मला मुळीच हौस नाही. आईची शपथ घातली होती मी तुला. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या खुर्चीत बसून, माझा चहा पीत तू मान हलवलीस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला इस्पितळातून फोन. नर्स मारिसेल. एरवी ती किती गोड बोलते, तुला माहीत आहे. त्या दिवशी नाही. "व्हर्ना, अंगभर पुरळ आहे म्हणे? केव्हापासून? कपडे काढा आणि फोटो पाठवा, आत्ताच्या आत्ता." चोपन्न वर्षांची बाई मी, आरशासमोर उघडी उभी राहून, फोन वाकडातिकडा धरून स्वतःच्या पोटाचे फोटो काढत होते आणि प्रत्येक फोटोला तुला एक शिवी घालत होते. दोन दिवसांनी पाचवी सलाईन घ्यायची होती. ती रद्द झाली. ज्या औषधानं फुफ्फुसातले डाग चार महिन्यांत निम्मे करून दाखवले, ते तुझ्या एका फोनपायी बंद पडलं. सहा आठवडे झाले त्याला. आत ते डाग काय करताहेत, झोपलेत की पुन्हा वाढायला लागलेत, देव जाणे.

पत्र का लिहितेय असं तुला वाटेल. खिडकीतून बघितलं की पाण्यापलीकडे तुझं पिवळं घर दिसतं, दोरीवर तुझ्या नवऱ्याचे, क्लेमचे, पायजमे वाळताना दिसतात, आणि ही बया कागद काळे करत बसलीय. फोन मी केलाच होता, आठवतं ना? त्याचं काय झालं तेही आठवत असेल. मी तोंड उघडलं की माझंच मला आवरत नाही. कागद निदान आपटता येत नाही. आणि हे नियमाप्रमाणे पेटीत टाकलं असतं तर आधी राजधानीला जाऊन, शिक्के खाऊन, आठवड्यानं पलीकडच्या काठाला पोचलं असतं, म्हणून पोस्टातल्या बर्निसच्या हातात देणार आहे, सरळ तुझ्या खणात सरकव म्हणून. ती ते उजेडात धरून वाचायला बघेल. वाच गं बर्निस, वाचत असशील तर, आणि मग चिकटव नीट.

आता तुझा गुन्हा किती मोठा आहे ते आधी समजून घे, कारण तुला वाटतं तू फार शहाणपणा केलास. हे औषध जुन्या केमोसारखं नाही. केस जात नाहीत, उलट्या होत नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आपल्या अंगातच राखणीला कुत्री असतात, कॅन्सर त्यांना बांधून ठेवतो, हे औषध त्यांची साखळी सोडतं. मग ती गाठीवर तुटून पडतात. पण एकदा सुटली की कधी कधी घरच्या माणसालाही चावतात. मला चावली ती कातडीला. तिसऱ्या सलाईननंतर पोटावर लाल चट्टे आले, मग मांड्यांवर, मग पाठीवर. खाज म्हणजे काय ते तोवर मला ठाऊक नव्हतं. डास चावल्याची खाज वरच्यावर असते, ही हाडातून येते. कारखान्यात उभी राहिले की बरं वाटायचं, ते बर्फाचं पाणी कोपरापर्यंत, खेकड्यांचे पाय मोडत राहायचं. पण रबरी एप्रनच्या आत घाम आला की पाठ अशी पेटायची की वाटायचं तो खेकडे कापायचा चाकू घ्यावा आणि कातडी सोलूनच ठेवावी.

मी कुणाला सांगितलं नाही याची दोन कारणं होती, आणि तेव्हा मला दोन्ही पटलेली होती. एक तर कारखान्यातल्या बायका. थेल्मा म्हणाली, "खाजतंय म्हणजे लागू पडतंय गं. माझ्या दिराला काही खाजलं नाही, तो गेला." झालं. त्या दिवसापासून मी खाज मोजायला लागले. जास्त खाजलं की मनात म्हणायचं, घ्या, चावा, अजून चावा. दुसरं कारण हे की सांगितलं तर औषध बंद करतील. आणि केलंच की नाही? म्हणून मग मी आईचं मलम काढलं.

हो, तेच. फरच्या झाडाच्या सालीवरचे फुगे नखानं फोडून काढलेली राळ, सीलच्या चरबीत उकळलेली. आपण लहानपणी गुडघे फोडून आलो की आई तेच थापायची, आणि तीन बंदरांतले लोक तिच्याकडे डबी मागायला यायचे. मी एप्रिलमध्ये, बर्फ अजून गुडघाभर असताना, चर्चमागच्या रानात जाऊन एक कपभर राळ काढली आणि मोठ्या चुलीवर शिजवली. घरभर तो वास. पोट, मांड्या, हात पोचेल तिथपर्यंत पाठ, सगळीकडे लावलं. पहिले दोन दिवस थंड वाटलं. चौथ्या दिवशी फोड आले. मला वाटलं, विष बाहेर पडतंय. आई असंच म्हणायची ना, आधी ओढून काढतं, मग बरं करतं. म्हणून आणखी लावलं.

आणि तशात तू आलीस, पाव घेऊन, दार न वाजवता. मी दाराच्या चौकटीला पाठ घासत होते, घोडी खुंटाला अंग घासते तशी. तुझा चेहरा बघायला हवा होता तू. "व्हर्ना, काय करतेस?" मी म्हटलं, "नाचतेय, दिसत नाही?" मग तू मागून माझा सदरा वर केलास. मी अडवायला हवं होतं. पण खरं सांगू, सहा आठवडे त्या पाठीला कुणी बघितलं नव्हतं. सदरा खाली केलास, किटली ठेवलीस, दुधाचा डबा फोडलास, आणि मी शपथ घातली तेव्हा मान हलवलीस. ती मान मी 'हो' समजले. क्लेमशी सव्वीस वर्षं संसार केलास म्हणून तुला मान हलवून भलतंच करायची सवय लागलीय हे माझ्या ध्यानात आलं नाही.

इस्पितळात काय झालं ते तुला मी सांगितलेलं नाही, आता सांगते. तीन तास त्या टॅक्सीत, रस्त्यावर दोनदा मूस, ती घोड्याएवढी हरणं, आडवी आली, आणि तिथं पोचल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला दिव्याखाली उभं केलं. त्यांनी पाठीवरून बोट फिरवलं आणि ते बोट चिकटलं. "हे काय आहे?" म्हणाल्या. मी म्हटलं, "मलम." "कसलं मलम?" "घरचं." त्यांनी वास घेतला. "व्हर्नाबाई, हे झाड आहे." मारिसेल मागे फिरून कपाट आवरायला लागली, हसू लपवायला. पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. अंगाचा निम्म्याहून जास्त भाग पुरळानं भरला होता. म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात पोटावर तळहाताएवढा चट्टा होता तेव्हा एक फोन केला असता तर साध्या मलमावर आणि खाजेच्या गोळीवर भागलं असतं. सलाईन एकदासुद्धा चुकली नसती. पुरळ आल्याचं सांगितलं की औषध लगेच बंद करतात असं नसतं म्हणे. लपवलं, वाढू दिलं आणि वर झाड थापलं की मग बंद करावंच लागतं. आणि जास्त खाजलं म्हणजे जास्त लागू पडतं असला काही हिशेब नाही, थेल्माला सांगा म्हणाल्या. थेल्माला मी सांगितलेलं नाही. तिच्या दिराचं तिला तेवढंच समाधान आहे.

'एक फोन केला असता तर' ही ओळ मी एकदा लिहिलीय, ती पुन्हा मला वाचून दाखवू नकोस. तुझा फोन दोन महिने उशिरा आला, लवकर नाही, एवढाच तिचा अर्थ होतो, आणि उशीर माझ्यामुळे झाला. पण शपथ ती शपथ.

मग त्यांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, सकाळी एकदम मूठभर, दर आठवड्याला थोड्या कमी करायच्या. त्यांनी माझं तोंड भोपळ्यासारखं झालंय, आणि भूक अशी की रविवारी एकटीनं खारं मांस, वाटाण्याचा लगदा, कोबी, सगळं चार माणसांचं जेवले आणि तासाभरानं उभ्या उभ्या पाव खाल्ला. डावी भुवई पांढरी झालीय. मारिसेल म्हणते, तसं होतं कधी कधी, घाबरू नका. चर्चमध्ये सगळे भुवईशी बोलतात, माझ्याशी कुणी नाही. अंघोळ कोमट पाण्यानं, साबण वासाचा नको, अंग टिपायचं, घासायचं नाही. मग मलम, सकाळ-संध्याकाळ, आणि ते मोजून. बोटाच्या पहिल्या पेरावर ट्यूबमधून जेवढी रेघ निघते, तेवढं मलम दोन तळव्यांएवढ्या अंगाला. हाताला तीन पेरं, पायाला सहा, पोट-छातीला सात, पाठीला सात. मारिसेलनं कागदावर माणूस काढून आकडे लिहून दिले. मी आयुष्यभर पेटीत किती खेकडे मावतात ते नजरेनं सांगत आले, मला हे कठीण नाही. मी एक दिवस चुकवलेला नाही. पोट साफ झालं, मांड्या साफ झाल्या, हात बघशील तर पोरीचे वाटतील.

आता त्या फोनवर तू काय बोललीस ते बघू, कारण ते मी सहा आठवडे चघळतेय. मी म्हटलं, "आईचा सूड उगवलास तू." तू म्हणालीस, "तेव्हा मला कळलं नव्हतं. आता कळलंय. मग गप्प बसू?" आणि मी फोन आपटला, इतका की भिंतीवरची त्याची खुंटी निखळली, अजून लोंबतेय.

चौदा वर्षं आपण ते बोललेलो नाही. तू ऑन्टारियोत होतीस, गाड्यांच्या कारखान्यात, दर रविवारी दुपारी फोन. "आई कशी आहे?" "बरी आहे, पडलीय जरा." "हवा कशी आहे?" "धुकं." सात महिने मी तुला धुकं सांगितलं. तिच्या छातीतली गाठ फुटली होती आणि मी सकाळ-संध्याकाळ तिच्यावर तेच मलम थापत होते, आणि वरून स्वच्छ फडकं. तिनं मला शपथ घातली होती, "ग्लेंडाला कळलं तर ती मला फरफटत इस्पितळात नेईल." मी विचार केला, आईनं मागितलंय ते द्यावं, मी इथं राहिले ती त्यासाठीच ना. तू शहाणी, तू गेलीस. मी राहिले, लग्न नाही, काही नाही, मग आईची शपथ तरी माझी. तू आलीस तेव्हा तिचे नऊ दिवस उरले होते. कबरीपाशी तू मला म्हणालीस, "सात महिने मी तुला हवा विचारत होते." मी उत्तर दिलं नाही. तू तीन वर्षांनी कायमची परत आलीस, पलीकडच्या काठाला घर घेतलंस, तरी मी उत्तर दिलं नाही. तूही पुन्हा विचारलं नाहीस, आणि मला वाटलं, मिटलं.

त्या दिव्याखाली डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, आधी सांगितलं असतं तर, तेव्हा मला माझी पाठ आठवली नाही. आईचं काय झालं असतं हे मी त्यांना विचारू शकले असते. विचारलं नाही. विचारणारही नाही. तुला आता उत्तर हवं असेल तर हेच आहे. याहून जास्त माझ्याकडे नाही, मागू नकोस.

आता गेल्या बुधवारचं. तपासायला गेले होते. डॉक्टरीणबाईंनी पुढून बघितलं, खूश. "उत्तम, व्हर्नाबाई. असंच राहिलं तर पुढच्या महिन्यात औषध सुरू करू." मग म्हणाल्या, वळा. मी वळले. गोळ्या कमी होत गेल्या तशी पाठ पुन्हा उसळलीय, मानेपासून कमरेपर्यंत, जशीच्या तशी. "पाठीला मलम कोण लावतं?" असं त्यांनी विचारलं. आता ऐक, आणि हसू नकोस. पाठीला मी लाकडी डावाला फडकं गुंडाळून लावत होते. ते जमेना म्हणून भिंत रंगवायचा रूळ आणला. निम्मं मलम रुळानं प्यायलं, उरलेलं झग्याला. भिंतीला मलम फासून तिच्यावर पाठ टेकूनही बघितली. मांजर दारात बसून बघत होतं, त्याला माझी लाज वाटली असावी. पण हे सगळं त्या पांढऱ्या खोलीत सांगायचं? एकटीच असते का, कुणी नाही का, हे सगळं त्या विचारणार. मी म्हटलं, "माझी बहीण लावते. रोज दोनदा. फार नीट लावते."

वाटलं, संपलं. पण त्यांनी ते लिहून घेतलं. मारिसेल म्हणाली, घरी येणारी बाई लावून देऊ का, मी म्हटलं, कशाला, बहीण आहे. डॉक्टरीणबाई विचारात पडल्या. म्हणाल्या, एवढं नीट लावूनही पाठ हटत नाही म्हणजे मलमाचा उपयोग होत नाहीये. २ जुलैला पुन्हा बघू. तेव्हाही अशीच असेल तर गोळ्या पुन्हा वाढवाव्या लागतील, आणि सलाईनचं औषध मग तुम्हाला परत देता येईल असं मला वाटत नाही. गाडीत तीन तास मी खिडकीबाहेर बघत बसले. मलम बिचारं चांगलं आहे ग्लेंडा, पोटावर दिसतंय ना. ते पाठीला पोचतच नाही. आणि मी त्यांना सांगितलंय की पोचतं. काल मी मारिसेलला फोन करून, एका ओळखीच्या बाईसाठी म्हणून विचारलं, घरी येणारी बाई मिळायला किती दिवस लागतात. तीन आठवडे, म्हणाली. मग म्हणाली, "ओळखीची बाई बरी आहे ना, व्हर्ना?" मी ठेवून दिला.

तेव्हा हे पत्र त्यासाठी आहे. माफी मागायला लिहिलेलं नाही आणि द्यायलाही नाही. मला पाठीला हात पोचणारं माणूस हवंय, शनिवार संध्याकाळपासून २ जुलैच्या सकाळपर्यंत, दिवसातून दोनदा, सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला. नखं कापून ये. सात पेरं, एक कमी नाही, एक जास्त नाही, चोळायचं नाही, नुसतं पसरायचं. रडायचं नाही आणि 'बिचारी' म्हणायचं नाही. २ जुलैला माझ्याबरोबर गाडीतून यायचं, कारण त्या विचारतील. काय सांगायचं ते तू ठरव, तुला सांगायला आवडतं. बाकीच्या गोष्टी, आईच्या, पाठ तुझ्याकडे असताना काढल्यास तर मी उठून जाऊ शकणार नाही, एवढं मला कळतं, आणि कळूनही बोलावतेय. शनिवारी दुपारी बारापर्यंत मला फोन कर. खुंटी तुटलीय पण फोन चालतो. हवापाणी सांगत बसू नकोस. येणार की नाही, तेवढं सांग.

तुझीच, दुसऱ्या कुणाची होणार होते,
व्हर्ना